जत्रेतला ममीचा तंबू: ५० रुपयांत दोन राजे

जत्रेत आकाशपाळण्याशेजारी ममीचा तंबू लागला होता. मी तालुक्याला एक्स-रे काढतो, म्हणून भुतं नाही, हाडं पाहायला गेलो. इजिप्तचा जुना राजा तिसऱ्या रामसेसचा भाग एक नंबर! गळ्याच्या पट्ट्या न सोडता सीटी स्कॅन केला, तर गळा पार मणक्यापर्यंत चिरलेला आणि जखमेत होरस देवाच्या डोळ्याचा ताईत. २०१२ मध्ये हे छापून आलं. पण दुसऱ्या राजाला, तुतनखामुनला, या तंबूत अजून डोक्यात घाव घालूनच मारतात, राजेहो! १९६८ च्या एक्स-रेतल्या हाडाच्या तुकड्यावरून ती आवई उठली, २००५ च्या सीटी स्कॅननं खोडली. मोडलेलं दिसलं ते मांडीचं हाड. सांगायला गेलो तं तिकीटवाला पोट्टा म्हणे, “काका, खून असला की तिकीट खपते.” जनरेटर दोनदा बंद पडला, ते वेगळंच.