एरिन ब्रोकोविच की डार्क वॉटर्स?

एकच रात्र मोकळी, आणि दोन्ही सिनेमांत कंपनीने नासवलेलं पाणी. कुठला लावू, असं भावाने विचारलं.

‘एरिन ब्रोकोविच’ (२०००) पळतो. पाणी हिंक्लीच्या, म्हणजे कंपनीने पाणी नासवलेल्या गावाच्या, विहिरीतलं आहे म्हटल्यावर कंपनीची वकीलबाई उचललेला ग्लास तसाच खाली ठेवते. तेवढ्यातच पैसे वसूल! ज्युलिया रॉबर्ट्सला ऑस्कर उगाच नाही मिळालं.

‘डार्क वॉटर्स’ (२०१९) रेंगाळतो, मुद्दामच. मेलेल्या गायींच्या व्हिडिओ कॅसेट घेऊन आलेला शेतकरी, खोलीभर खोकी, आणि जमिनीवर बसून एकेक कागद लावणारा, वकील झालेला मार्क रफलो. खटल्याचं खरं काम इथे दिसतं. वर्षं सरतात, माणसं खचतात.

दमून आला असशील तर एरिन. वकिली शिकणाऱ्याने, किंवा नॉनस्टिक तव्याकडे संशयाने बघायची तयारी असलेल्याने (इथे पाणी नासवणारं रसायन त्याच्याच लेपासाठी वापरलेलं) डार्क वॉटर्स.