जळगाव कोर्टाजवळचं टायपिंग-झेरॉक्स: नोटीस चोख, झेरॉक्स अर्धवट

समोरच्याने दाव्यात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) उल्लेख केलेला कागद बघायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 नियम 15 ची नोटीस लागते. ती इथे चोख टाइप होऊन मिळते: कागदाचा प्रकार, तारीख, परिच्छेद क्रमांक, सगळं जागेवर. नुसतं ‘सर्व कागद दाखवा’ लिहिलं की हरकत आलीच. उत्तराला मुदत 10 दिवस. टाळाटाळ झाली तर कागद दाखवण्याचा हुकूम कोर्टाकडे मागणारा नियम 18 चा अर्जही करून देतात.

झेरॉक्सचे मात्र दोन तारे कमी. शेताच्या सौदापावतीचा स्टॅम्प पेपर फक्त पुढूनच काढतात. अहो, स्टॅम्प विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख बहुधा मागे असते! स्टॅम्प विकल्याची तारीख पावतीवरच्या तारखेनंतरची निघाली, तर उलटतपासणीचा मुद्दा तिथेच सापडतो. दोन्ही बाजू काढायला आधीच बजावून सांगा.