टाहोने फोडला टाहो : ड्राइव्हवेत बसवलेल्या लोअरिंग किटचा रिव्ह्यू

आधी गाडी सांगतो. २०११ ची शेवी (शेव्हरोले) टाहो एलटी, म्हणजे मोठी अमेरिकन एसयूव्ही, ५.३ लिटर व्ही-८, फोर व्हील ड्राइव्ह, मी तिसरा मालक, आणि जन्मापासून न्यू जर्सीत म्हणजे दरवर्षी हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खाऊन खालून पार गंजलेली. गाडीची उंची कमी करायचा किट घेतला तो २/३ चा, म्हणजे पुढून २ इंच आणि मागून ३ इंच खाली. या धंद्यातल्या जुन्या कंपनीचा आहे पण नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी बोंब मारणार आहे. शॉकअपसकट शिपिंग धरून साडेसातशे डॉलरच्या आसपास पडला.

आता गाडी खाली करायचीच कशाला, हा प्रश्न बायकोने किट यायच्या आधीपासून विचारलाय. खरं कारण म्हणजे मला ती तशी दिसायला आवडते, टाहोच्या पुढच्या चाकावरची ती मोठी पोकळी मला कायम खुपायची. पण घरात सांगितलेलं कारण असं की आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार, तिचे गुडघे दुखतात, तिला चढायला बरं पडेल. बायको म्हणाली मग गॅरेजमध्ये पाट ठेव एक, पंधरा डॉलरचं काम आहे. तिचं बरोबरच होतं, पण तोवर ऑर्डर गेली होती.

घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा. तुमची टाहो एलटीझेड (एलटीच्या वरचं महागडं मॉडेल) असेल तर तिला बहुतेक ऑटोराइड असतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉकअप, मागे हवेने लेव्हल करणारी सिस्टिम वगैरे. साधा किट त्याच्यावर टाकला की डॅशवर सर्व्हिस सस्पेन्शनचा मेसेज येऊन बसतो आणि मग तो घालवायला वेगळे पार्ट घ्या. माझी एलटी साध्या शॉकअपवाली असल्याने वाचलो. तसंच हा सगळा प्रकार २००७ ते २०१४ च्या गाडीला लागू आहे, पुढे कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग) आणि मागे अख्खा ॲक्सल कॉइल स्प्रिंगवर. त्याच्या आधीच्या पिढीत पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या आहेत, तिथे बोल्ट फिरवून पुढची बाजू थोडी उतरवता येते. आणि २०२१ पासून तर मागेपण इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आलं, त्यांनी हे वाचून काही उपयोग नाही.

बॉक्स उघडल्यावर माल बघून बरं वाटलं. स्प्रिंगचं पावडर कोटिंग एकदम चकाचक, शॉकअप वजनदार, वेल्डिंग स्वच्छ. पण सोबतचा कागद बघितला आणि डोकं फिरलं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे काळे फोटो, त्यातला एक तर चक्क दुसऱ्याच मॉडेलचा, आणि वर लिहिलंय अंदाजे वेळ ४ तास. चार तास!! कुणाचे? ज्याच्याकडे लिफ्ट आहे, हवेवर चालणारा इम्पॅक्ट पाना आहे, आणि जो कॅलिफोर्नियात राहतो जिथे बोल्टला गंज म्हणजे काय ते माहीत नाही, त्याचे असतील. मला शनिवारी सकाळी ७ ते रात्री ११ आणि रविवार दुपारपर्यंत लागले, तेही एक मित्र मदतीला असताना. त्यात ब्रॅकेटचा एक बोल्टच पाकिटात नव्हता. ईमेल टाकला, काही न विचारता पाठवला त्यांनी, पण यायला पाच दिवस.

मागची बाजू आधी करा, हा माझा सगळ्यात मोठा सल्ला. सोपी आहे, हात बसतो आणि कॉन्फिडन्स येतो. गाडी जॅकने उचलून फ्रेमखाली जॅक स्टँड, आपल्याकडच्या गॅरेजात घोडी म्हणतात ते, आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, उन्हाळ्यात ड्राइव्हवेचं डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय त्यात रुततात. आमचं एक स्टँड तासाभरात चांगलं अर्धा इंच आत गेलेलं, मित्राने बघितलं म्हणून, नाहीतर अडीच टनाच्या आसपासची गाडी आहे बाबांनो. मग खाली प्लायवूडचे जाड तुकडे टाकले. स्टँड जुने असतील तर तेही तपासा, २०२० मध्ये इथे एका मोठ्या चेनच्या ३ टनी आणि ६ टनी स्टँडचा रिकॉल झालेला, दात निसटून स्टँड खाली बसायची भीती होती. आणि काढलेली चाकं गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

बोल्टांवर आदल्या दोन्ही रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलेलं, तरी मागच्या सवे बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक काही ऐकेना, शेवटी ग्राइंडरने कापली, नवीन आणली. बाकी मग शॉकअपचा खालचा बोल्ट काढा, ट्रॅक बार नावाच्या आडव्या दांडीचं एक टोक सोडवा, ब्रेकच्या नळीचं आणि एबीएसच्या वायरचं ब्रॅकेट मोकळं करा (हे विसरलात तर ॲक्सल खाली जाताना तीच ताणली जाते), आणि जॅक हळूहळू उतरवा. स्प्रिंग हाताने बाहेर येते, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. नवीन स्प्रिंग आखूड असल्याने आत जाताना आणखी सोपी. वरचं रबर जुनंच वापरायचं आणि स्प्रिंगचं टोक खाचेत नीट बसलंय का ते बघायचं.

तो नसलेला बोल्ट ट्रॅक बारच्या ब्रॅकेटचा होता. ट्रॅक बार म्हणजे ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी, एक टोक फ्रेमला, एक ॲक्सलला. गाडी खाली आली की दांडी तिरकी होते आणि ॲक्सलला एका बाजूला ढकलते. ब्रॅकेट त्यासाठीच. पाच दिवस मी दांडी जुन्याच जागी लावून गाडी चालवली आणि मागून बघितलं तर एका बाजूचं चाक अर्धं पेर बाहेर, दुसऱ्या बाजूचं तेवढंच आत. ब्रॅकेट लागल्यावर सरळ. म्हणजे ज्या स्वस्त किटमध्ये नुसत्या स्प्रिंग येतात आणि हे ब्रॅकेट नसतं ते घेऊच नका.

आता पुढची बाजू. इथे माज उतरला. या किटमध्ये पुढचा नवीन स्ट्रट (स्प्रिंग ज्याच्यावर बसते तो शॉकअप) येतो, त्याच्यावर खाचा असतात, स्प्रिंगची खालची बैठक धरणारी स्नॅप रिंग कुठल्या खाचेत बसवता त्यावर गाडी किती खाली येणार ते ठरतं. आयडिया मस्त आहे, पण स्प्रिंग गाडीची जुनीच वापरायची, म्हणजे जुन्या स्ट्रटवरची ती दाबलेली स्प्रिंग सोडवून नव्यावर चढवा. त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. इथे ऑटो पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट भरून तो फुकट वापरायला मिळतो, परत दिला की सगळे पैसे परत. आणला. दोन्ही बाजूंनी त्याचे हूक लावून पाना फिरवायला घेतला, स्प्रिंग थोडी दबली आणि कॉम्प्रेसरचा स्क्रू मला डोळ्यांनी वाकताना दिसला. मित्र दोन पावलं मागे सरकला, मी चार. एवढ्या जड गाडीची स्प्रिंग आहे, सुटली तर दात राहणार नाहीत. गुपचूप उलटा फिरवला, दोन्ही स्ट्रट त्याच्या गाडीच्या डिकीत टाकले आणि जवळच्या एका गॅरेजवर नेले, त्यांच्याकडे भिंतीला लावलेला मोठा कॉम्प्रेसर होता, वीस मिनिटांत दोन्ही बदलून दिले, ६० डॉलर. आयुष्यात यापेक्षा चांगले ६० डॉलर मी खर्च केले नसतील.

स्ट्रट गाडीतून काढणं तसं सरळ आहे, वर तीन नट, खाली दोन बोल्ट. पण जागा व्हायला वरचा बॉल जॉइंट सोडवावा लागतो. फोर्क (जॉइंट उचकटायचा दुबेळका) घालू नका, रबर फाटतं, नट दोन आटे ठेवून नकलवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी भागावर, शेजारून हातोडीचे चार दणके द्या, सुटतो. आणि फोर बाय फोर असेल तर सुटलेला नकल बाहेर लोंबू देऊ नका, चाकाला ताकद पोचवणारा सीव्ही ॲक्सल ओढला जाऊन आतला जॉइंट निसटू शकतो. आम्ही जुन्या नाडीने बांधून ठेवला. हो, पायजम्याच्या नाडीने.

माझी स्वतःची चूक सांगतो. मागचे कंट्रोल आर्मचे (ॲक्सलला फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट मी जागा मिळावी म्हणून ढिले केलेले, ते गाडी स्टँडवर लोंबत असतानाच आवळून टाकले. तसं करायचं नसतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे, नाहीतर आतला रबरी बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्यात गाडीने जो टाहो फोडायला सुरुवात केली, शेजारचे काका विचारायला आले काय झालं म्हणून. बोल्ट परत ढिले करून, गाडी खाली ठेवून, पुन्हा आवळले तेव्हा आवाज गेला. कागदावर ही सूचना आहे, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, सगळं आवळून झाल्यावर वाचायला. चाकाचे नट १४० फूट-पाउंडला टॉर्क रेंचने लावा आणि ५०-१०० मैलांनी परत एकदा बघा.

उतरवल्यावर लगेच माप घेतलं, जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत. गाडी पुढे पावणेदोन, मागे अडीच इंच खाली आलेली. हिरमुसलो, पण आठवड्याभरात स्प्रिंग बसली आणि आता कागदावर लिहिलंय तेवढं जवळजवळ झालंय. अलाइनमेंट लगेच करा. पुढची गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात (हाच कॅम्बर), टो, म्हणजे चाकांची समोरची दिशा पण हलते, टायर आतून खाल्ला जातो. माझं स्टिअरिंग दुकानापर्यंत जाताना चक्क वाकडं होतं. १२० डॉलर गेले, कॅम्बर आता रेंजमध्ये आहे. आणि मागची बाजू जास्त उतरल्याने नाक वर येतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, ते खाली करून घ्या. मी चार दिवस लोकांच्या फ्लॅश खाल्ल्यावर केलं.

चालवायला कशी? टर्नपाइकवर (इथला टोलचा हायवे) झकास. रॅम्पच्या वळणावर आधी बोट डुलावी तशी डुलायची, ते निम्म्याने कमी झालं. वाऱ्यात पण स्थिर. छोटे खड्डे थोडे जास्त जाणवतात, चालतंय. पण ओक ट्री रोडला पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानातून तांदळाच्या आणि आट्याच्या गोण्या, तिसऱ्या रांगेत पोरं, अशी भरलेली गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की मागे बंप स्टॉपला (ॲक्सल वर आदळू नये म्हणून लावलेल्या रबराला) धप्पकन लागते. कायम सात माणसं आणि सामान भरून फिरणाऱ्यांनी मागे २ इंचावर थांबावं. बोट किंवा ट्रेलर ओढणाऱ्यांनी तर विचारच करू नये. फेब्रुवारी-मार्चचे इथले खड्डे अजून बघायचेत.

भारतातून दोन मित्रांनी विचारलं स्कॉर्पिओला असं करू का. अरे नको. एकतर आपले स्पीडब्रेकर, आणि दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. पासिंगला आणि इन्शुरन्सच्या क्लेमला बोंबलत बसाल.

आई आली मागच्या महिन्यात. जेएफकेला गाडीत बसताना वरची दांडी धरली, चढली, आणि म्हणाली, केवढी उंच गाडी घेतलीयस रे. बायको माझ्याकडे बघत होती, मी आरशाकडे.

किटच्या मालाला पाचपैकी साडेचार, त्या कागदाला शून्य, बोल्टच्या भानगडीचा अर्धा कापला, तर सगळं मिळून चार धरा. पुढच्या स्प्रिंग दुकानात बदलून घेणार असाल तरच घरी करा. आणि काढलेल्या मागच्या दोन स्प्रिंग बेसमेंटमध्ये पडल्यात, एडिसनच्या आसपास कुणाला जुन्या टाहोसाठी हव्या असतील तर फुकट घेऊन जा, आईने एकीवर कुंडी ठेवलीय पण ती काढून देईन.