आकडा ठळक, अहवाल आडबाजूला: क्रेडिट स्कोअर दाखवणाऱ्या एका मोफत सेवेचे परीक्षण

मोबाइलवर क्रेडिट स्कोअर, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून काढलेला आकडा, मोफत दाखवणारी एक सेवा मी गेले अकरा महिने वापरत आहे. कर्ज घेण्याचा माझा कोणताही बेत नव्हता. भाड्याने घर पाहताना घरमालकाने ओळखपत्रासोबत क्रेडिट अहवालाची, म्हणजे त्या आकड्यामागच्या कर्ज-थकबाकीच्या तपशीलवार नोंदींची, प्रत मागितली, आणि उधारीशी संबंध नसलेल्या व्यवहारात हा कागद कशासाठी, असा प्रश्न पडल्यामुळे मी ही सेवा घेतली. त्यामुळे हे परीक्षण त्याच अंगाने केलेले आहे. कर्जाबाहेरच्या व्यवहारांत ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढेच मी पाहिले.

सेवेची मांडणी स्वच्छ आहे. उघडताच अर्धवर्तुळाकार तबकडीवर आकडा दिसतो, दर महिन्याला तो नव्याने येतो, आणि स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो घटत नाही हे पहिल्याच पानावर सांगितलेले आहे. अनेकांच्या मनातली ती भीती दूर करण्याचे श्रेय तिला द्यायलाच हवे.

माझी मुख्य तक्रार मात्र याच तबकडीबद्दल आहे. कर्ज देणारी संस्था आकड्याला महत्त्व देते हे खरे, पण कर्जाबाहेरची मंडळी बहुधा आकड्यामागचा अहवाल वाचतात. अमेरिकेत नोकरी देणाऱ्याला उमेदवाराचा स्कोअर मिळत नाही, अहवाल मिळतो. 1970 च्या कायद्यानुसार त्यासाठी उमेदवाराची लेखी संमती लागते, आणि त्या अहवालाच्या आधारे नकार द्यायचा असेल तर आधी त्याची प्रत उमेदवाराच्या हाती ठेवावी लागते. भारतात 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेने रद्द केलेली नेमणूक कायम रद्दच ठेवली. निवड झालेल्या उमेदवाराने थकबाकी फेडली होती, तरी ती थकल्याची नोंद त्याला नडली. फेडलेल्या पैशाने आकडा हळूहळू सावरतो, पण ‘सेटल्ड’ (पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन मिटवलेले) किंवा ‘रिटन ऑफ’ (बुडीत म्हणून सोडलेले) असा शेरा अहवालात बराच काळ राहतो. या सेवेत तो शेरा पाहायचा तर तीन पडदे ओलांडून, बारीक अक्षरांतल्या दुव्यावर जावे लागते.

विम्याच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनविम्याचा हप्ता ठरवताना क्रेडिट इतिहासावर बेतलेला वेगळाच विमा-स्कोअर वापरतात, तर कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत त्याला मनाई आहे. म्हणजे तबकडीवर दिसणारा आकडा आणि विमा कंपनीपुढचा आकडा एकच असेल याची हमी नाही. सेवेच्या मदत-विभागात याबद्दल एक वाक्यही नाही. वीज किंवा फोनची जोडणी देताना अनामत रक्कम मागायची की नाही, हेही काही देशांत याच नोंदींवरून ठरते. खरे तर लोकांच्या उधारीच्या नोंदी ठेवणारी जर्मनीतली शूफा ही संस्था 1927 मध्ये बर्लिनमध्ये उभी राहिली तीच वीज कंपनीच्या ग्राहकांना विजेची उपकरणे हप्त्याने देता यावीत म्हणून, आणि आज तिथे घर भाड्याने घेणाऱ्याकडे तिचा दाखला सर्रास मागितला जातो. या व्यवस्थेची नाळ विजेच्या मीटरशी इतकी जुनी जोडलेली असताना सेवेने स्वतःला कर्जापुरते मर्यादित ठेवावे, हे मला पटले नाही.

माझ्या अहवालात नामसाधर्म्यामुळे एका अनोळखी व्यक्तीचे बंद खाते घुसलेले निघाले. आकड्यावर त्याचा परिणाम नगण्य असल्यामुळे सेवेने कोणतीही सूचना दिली नव्हती. ते घरमालकाच्या नजरेस आले, माझ्या नाही. सेवेच्या मदतकक्षाने सौजन्याने उत्तर दिले, पण दुरुस्ती तिच्या हाती नाही, ती अहवाल तयार करणाऱ्या मूळ पतमाहिती कंपनीकडेच मागावी लागते, हे समजायला चार दिवस गेले. पतमाहिती कंपनीने नोंद बाविसाव्या दिवशी काढली. भारतात अशा तक्रारीसाठी 30 दिवसांची मुदत असून, ती उलटल्यास तक्रारदाराला दररोज 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये केली आहे. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा हक्कही तिथे आहे, आणि माझ्या प्रश्नाला तोच कागद अधिक उपयोगी पडला असता.

सेवा मोफत का आहे, हे दुसऱ्याच आठवड्यात उमगते. ‘तुमच्यासाठी मंजूर’ अशा मथळ्याच्या कर्जाच्या जाहिराती रोज येतात, आणि त्यांपैकी एखादीवर अर्ज केला तर होणारी चौकशी मात्र अहवालात नोंदवली जाते. ज्याला कर्जच नको त्याला हा व्यवहार विचित्र वाटेल.

कोणी माझा अहवाल तपासला की तत्काळ येणारा संदेश, या एका सोयीसाठी मी सेवा ठेवली आहे आणि पाचपैकी अडीच तारे देत आहे. जाहिरातींच्या सूचना बंद करण्याची कळ ‘गोपनीयता’खाली नसून ‘माझे लाभ’ या विभागात शेवटी आहे.