४६ पीसचा टूल किट, पण त्यात १७ नंबरच नाही

आधीच सांगते, मी काही मेकॅनिक वगैरे नाही, वर्षभरापूर्वी मला डबल पाना (टोकं उघडी) आणि रिंग पाना (टोकाला बंद कडी) यातला फरकसुद्धा माहीत नव्हता. घरात पप्पांची २००९ ची स्प्लेंडर प्लस आहे, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलेलं आहे, पप्पा रिटायर झाले तशी त्यांनी गिअरवाली गाडी सोडली आणि ती माझ्याकडे आली. मग मला वाटलं की एवढी साधी गाडी आहे, ऑइल, चेन, प्लग एवढं तरी घरी करायला काय हरकत आहे, आणि एका रात्री ऑनलाइन तो निळ्या-काळ्या डबीतला ४६ पीसचा सॉकेट सेट (नटावर बसणाऱ्या गोट्या आणि त्या फिरवायचा रॅचेट) मागवून टाकला. तुम्हीही बघितला असेल, नाव प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं पण डबी तीच. सातशेच्या आसपास पडला. त्याचा रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत होते, आता वर्ष वापरून झालंय तर लिहितेच, आणि त्याच्यानंतर जे घेतलं त्याचाही लिहिते.

डबी उघडली की बघून एकदम भारी वाटतं. सगळं आपापल्या खाचेत बसवलेलं, चकचकीत, रॅचेट फिरवला की कट कट कट आवाज. माझ्या भावाने तर दहा मिनिटं नुसता रॅचेटच फिरवला. पण मोजायला बसलं की कळतं ४६ कसे झाले ते. गोट्या म्हणजे सॉकेट १३, त्या ४ नंबरपासून १४ पर्यंत (नंबर म्हणजे मिलिमीटरमधलं माप), एक रॅचेट, एक-दोन एक्स्टेंशन, एक वाकणारी स्प्रिंगची दांडी, टी हँडल, तीन ॲलन की, आणि उरलेले सगळे स्क्रूचे बिट. चांदणीच्या आकाराचे बिटच इतके आहेत की त्यातले निम्मे माझ्या गाडीला कुठे लागतील हे मला अजून सापडलेलं नाही. साडेचार नंबरची गोटी आहे, साडेपाचची आहे, १७ ची नाही.

आणि स्प्लेंडरचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायचा बोल्ट, १७ चा आहे. प्लगला १६ चा लांब पोकळ पाना लागतो. मागच्या चाकाचा नट त्याहून मोठा. म्हणजे नवशिक्या माणसाला गाडीवर जी तीन कामं पहिल्यांदा करावीशी वाटतात त्या तिन्हींच्या वेळी हा किट हात वर करतो. त्यात त्याचा रॅचेट पाव इंची आहे, म्हणजे गोटी जिथे बसते तो चौकोन पाव इंचाचा, वर्षानुवर्षं गंजलेला बोल्ट सोडवायला तो केलेलाच नाही, त्यावर पाय देऊन उभं राहिलात तर आतले दातच जातील. हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तर पहिल्या रविवारी मी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून कोमट केलं, खाली जुना तवा ठेवला (आईला अजून माहीत नाही कुठला तवा), आणि मग कळलं की बोल्टला बसेल असं माझ्याकडे काहीच नाही. शहाण्या माणसाने इथे थांबून हार्डवेअरचं दुकान गाठलं असतं. मी घरातला नळाचा स्क्रू पाना आणला. तो एक-दोनदा घसरला, मी अजून आवळून लावला, मग तो असा घसरला की बोल्टचे दोन कोपरे गोल आणि माझ्या हाताची दोन बोटं सोललेली. शेवटी गाडी ढकलत आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेजवाले चाचा आहेत त्यांच्याकडे. त्यांनी खाली वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, हा पाना नळाला लावायचा, इंजिनला नाही." मग रिंग पाना लावला, पान्यावर हाताने एकच ठोका दिला आणि बोल्ट सुटला. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले नवा बोल्ट आणि वायसर घेऊन ये.

तिथेच त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मी दहा व्हिडिओ बघूनही मनावर घेतली नव्हती. गोटीच्या आत बघायचं, सहा कोन आहेत की बारा. बारावाली पटकन बसते म्हणून सोयीची वाटते पण ती नटाला फक्त कोपऱ्यात धरते, नट जरा झिजलेला असला की ती कोपरे खाऊन टाकते. सहावाली सपाट बाजूंवर जोर देते. माझ्या किटमधल्या गोट्या सहा कोनीच आहेत, त्याबाबतीत तक्रार नाही, पण त्यातली दहा नंबरची आतून जरा मोठी आहे, नटावर डुलते. आणि गाडीवर सगळ्यात जास्त लागणारा नंबर म्हणजे दहाच. तिसऱ्या महिन्यात चेन कव्हरचा बोल्ट सोडवताना तिला बारीक तडा गेला. १४ आणि १२ अजून ठणठणीत आहेत, खोटं का बोलू.

मग नवीन काय घेतलं ते. मी नाशिकची, त्यामुळे टपारियाबद्दल थोडा घरचा अभिमान आहे हे मान्य करते, त्यांचा कारखाना आमच्या सातपूरला आहे, कंपनी १९६५ ची, सुरुवातीला स्वीडिश कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन हँड टूल बनवायला लागली. पप्पांच्या वेळपासून घरात एक पक्कड आहे तिची, मूठ झिजून गेलीय पण जबडा अजून तार कचकन तोडतो. त्यामुळे यावेळी ऑनलाइनच्या नादाला न लागता आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूला एक हार्डवेअरवाला आहे त्याच्याकडे गेले आणि सेट मागितलाच नाही, सुटे मागितले. दहाचा टी पाना (इंग्रजी टी अक्षरासारखा), १२-१३ चा आणि १४-१५ चा रिंग पाना, १६-१७ चा रिंग पाना, एक फुली आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर. झालं. सगळं मिळून त्या ४६ पीसच्या किटपेक्षा थोडेसेच जास्त पैसे गेले, आणि वस्तू सहा.

दहाचा टी पाना ही गोष्ट मी कुणालाही डोळे झाकून सुचवीन. कव्हरचे बोल्ट, बॅटरीची पट्टी, चेन कव्हर, सगळीकडे तोच. रॅचेट कटकट करत जेवढ्या वेळात बसतो तेवढ्यात टी पाना दोन बोटांनी गरगर फिरवून बोल्ट हातात येतो. आणि दुसरी गंमत अशी की त्याची आडवी दांडी आखूड आहे, त्यामुळे बोल्ट चुकून फार आवळला जाण्याची भीती कमी. नवशिक्याला हे फार महत्त्वाचं आहे कारण इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी, जोर जास्त झाला की बोल्टला काही होत नाही, कव्हरमधले आटे निघून येतात, आणि आटे गेले की मग लेथवाल्याकडे वारी. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, घ्यावा असं सगळे सांगतात, बरोबरच सांगतात, पण माझ्या बजेटमध्ये तो नाही, म्हणून मी बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवते, बोटांनी फिरला नाही म्हणजे वाकडा बसलाय, काढून परत लावायचा, आणि मग पान्याने थोडा दाब द्यायचा, बस. ड्रेन बोल्टचं वायसर दर वेळी नवीन टाकते, दहा-वीस रुपयांत येतं.

१६-१७ चा रिंग पाना आल्यावर ऑइल बदलणं इतकं सोपं निघालं की मला माझ्याच त्या पहिल्या रविवारची लाज वाटली. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नाहीये, आत जाळी आणि फिरता रोटर आहे, ते साफ करायला उजवीकडचं क्लचचं कव्हर उघडावं लागतं, ते मी चाचांकडेच करून घेते. आपलं काम म्हणजे खालचा एक बोल्ट आणि वरची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मापायची काडी. ही डिपस्टिक आटे फिरवून बसवून मापायची नाही, पुसून नुसती टेकवायची आणि बघायची, गाडी मेन स्टँडवर सरळ असताना. मी पहिल्यांदा फिरवून मापली आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसलं. बाटलीही एकदम रिकामी करू नका, थोडं थोडं टाकून बघा.

ऑइल घेताना एकच सांगते, बाटलीवर जासो एमए (JASO MA, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय का ते बघा. ग्रेड १०डब्ल्यू३०, ते सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचप्लेटला पण घसरवतात. एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी. माझा एक मित्र घरात कारचं उरलेलं ऑइल होतं म्हणून तेच ओतून मोकळा झाला, आता ॲक्सिलरेटर पिळला की आवाज पुढे जातो आणि गाडी मागे राहते. जुनं काळं ऑइल मी पाण्याच्या बाटलीत भरून चाचांना देते, त्यांच्याकडून जळकं ऑइल नेणारे येतात. गटारीत ओतू नका हो, आमच्याकडे ते शेवटी गोदावरीतच जातं.

चेनबद्दल तर माझा वेगळाच पोपट झाला. किटबरोबर ऑफरमध्ये तीन बाजूंचा चेन ब्रश घेतला होता, तो जो चेनला तिन्ही बाजूंनी कवटाळतो. घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्या स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद कव्हरात आहे! ब्रश लावणार कुठे? कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून आत बोट घालून चेन किती सैल आहे ते बघायचं, साधारण अडीच सेंटिमीटर वरखाली झाली पाहिजे, नक्की आकडा आपल्या मॅन्युअलमधला घ्या. पूर्ण साफ करायची तर कव्हर काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेला जुना दात घासायचा ब्रश, मग कोरडं पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल. हे साध्या चेनचं झालं, ज्यांच्या गाडीला ओ-रिंगवाली चेन आहे त्यांनी पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांबच ठेवा, त्या रबरी रिंगा गेल्या की आतलं ग्रीस गेलं. पावसाळ्यात बंद कव्हराचा फायदा कळतो, त्र्यंबकला जाऊन आले, शेजारच्याच्या उघड्या चेनवर चिखलाचा थर, माझी आत जवळजवळ कोरडी. चेन ताणताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना बघा, मी पहिल्यांदा एकच बाजू आवळली आणि गाडी सरळ चालता चालता डावीकडे खेचायला लागली.

आणि सगळ्यात शेवटचा किस्सा, जो लिहायलाच नको खरं तर. प्लगसाठी १६ चा लांब पोकळ पाना नाही म्हणून मी परत हार्डवेअरवाल्याकडे निघाले होते, तेव्हा पप्पा पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं साईड कव्हर उघडून बघितलंस का?" उघडलं. आत रेक्झिनची सुरळी, तिच्यात प्लगचा पोकळ पाना, दोन डबल पाने, एक उलटसुलट होणारा स्क्रू ड्रायव्हर. कंपनीने गाडीबरोबर दिलेला किट, २००९ पासून तिथेच. पोलाद फार भारी नाही, पण प्लगचा पाना बरोब्बर बसला. प्लग काढला, काळा पडलेला, नव्याच्या टोकातली फट (गॅप) फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, ०.६ ते ०.७ मिमी बघून तो लावला, आणि किकमध्ये फरक लगेच कळला.

तर मार्क द्यायचे झाले तर ४६ पीसच्या किटला पाचपैकी दीड. तो अर्धा डबीसाठी, डबी खरंच छान आहे. सुट्या पान्यांना साडेचार, अर्धा यासाठी कापला की ठेवायला काही नाही, मी त्यांना आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते. तीन बाजूंच्या ब्रशला शून्य देणार होते, पण भावाच्या सायकलच्या चेनवर तो झकास चालतो. किटही आता त्याच्याकडेच आहे, सायकलला १४ च्या आतलेच नट बरेच, आणि रॅचेट अजून कट कट करतोच आहे.