कॉलर माईक, जुना फोन आणि सातवीचा वर्ग : वापरानंतरचा अनुभव

जुलैत घेतलेला माईक फेब्रुवारीतही चालतोय, हे आधी सांगून टाकते. सातवीच्या पोरांच्या हातात टिकणं ही कुठल्याही वस्तूची मोठी परीक्षा असते. त्याची क्लिप तुटली आहे, आता तो केसांच्या चिमट्याने गळ्याशी अडकवतो. बाकी ठीक.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. मुलांनी बोललेले छोटे कार्यक्रम रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे, एवढाच बेत होता. सामान साधं : हजाराच्या आतला, सहा मीटर वायरचा कॉलर माईक, माझा जुना अँड्रॉइड फोन आणि शाळेच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी. हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर 2000 सालापासून फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतं.

घेणाऱ्यांनी पिन नीट बघावी. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दुकानदार दोन्ही एकाच भावात आणि एकाच आत्मविश्वासाने विकतात. बऱ्याच नव्या फोनना गोल भोकच नसतं, मग टाईप-सी कन्व्हर्टर लागतो. त्यातले काही स्वस्तातले कन्व्हर्टर फक्त आवाज बाहेर काढतात, माईकचा आवाज आत घेतच नाहीत. दुकानातच फोन लावून चार वाक्यं रेकॉर्ड करून बघा.

खरी अडचण माईकची नाही, जागेची आहे. आमच्या वर्गावर टिनाचे पत्रे. पाऊस आला की शिकवणंच थांबतं, तिथे रेकॉर्डिंग कुठलं? कोरड्या दिवशी उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. मुलांनीच शोधून काढलं की पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे रचलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. का, ते सांगायला वरच्या वर्गाच्या विज्ञानातला ध्वनी सातवीतच काढावा लागला : गुळगुळीत कडक भिंत आवाज परत फेकते, पोतं तो शोषून घेतं. फक्त खिचडी शिजण्याची वेळ टाळायची, नाहीतर प्रत्येक कार्यक्रमात कुकरच्या शिट्ट्या.

ऑडॅसिटीत खरखर कमी करायची सोय आहे. आधी दोन-तीन सेकंद कोणी बोलायचं नाही. तो शांततेचा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवला की तेवढी खरखर ते सगळीकडून काढतं. जपून वापरा, जास्त ओढलं की मुलाचा आवाज माठातून आल्यासारखा होतो. फाईल पाठवताना एमपी-3 करा. एका मिनिटाची साधी मोनो वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाईल पाच एमबीच्या आसपास जाते. तेवढ्याच जागेत एमपी-3 मध्ये 64 केबीपीएसवर (आवाज दाबून लहान करायची एक पातळी) दहा मिनिटांचा आख्खा कार्यक्रम बसतो. आमच्याकडे पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तरच रेंज येते, तेव्हा हा फरक लहान नाही.

पहिल्यांदा स्वतःचं बोलणं ऐकलं तेव्हा एक मुलगा रुसून बसला. "मॅडम, हा माहा आवाज नाई व्हय. मशीन बिघडली." स्वतः बोलताना आपला आवाज हवेतून येतो तसाच डोक्याच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो, म्हणून तो आपल्याला जास्त भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा तो वाटा नसतो. हे समजावल्यावर कानात बोटं घालून बोलण्याचा खेळ दोन तास चालला. त्या दिवशीचं गणित राहिलं, राहू दे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ऑडिओत बोट दाखवता येत नाही. वर्गात मुलं "ते तसं असते नं मॅडम" म्हणून हातवारे करतात आणि आपल्यालाही ते कळतं, म्हणून वाक्य अर्धंच राहतं. माईकपुढे ही सोय संपते. एका मुलीने फवारणीवर मामाची मुलाखत घेतली. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, त्यामुळे हा विषय घरोघरी माहीत आहे. तिने विचारलं, "मामा, डब्यावरचा तिकोन कोन्त्या रंगाचा हाय?" मामा म्हणाला, "पाह्यला नाई कधी." तोंडाला काही बांधत नाही का, तर "उन्हात फडकं बांधलं का जीव घाबरते बाप्पा."

मुलाखत झाली, पण ऐकणाऱ्याला तिकोन म्हणजे काय ते कसं कळणार? म्हणून तिने रिकाम्या डब्याचं लेबल मला वाचायला लावलं, मग स्वतः लिहिलं : लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. चित्र न दाखवता हे सांगायला तिला पाच-सहा वेळा लिहून खोडावं लागलं. निबंधात ही मुलगी चार ओळींवर थांबते.

आमच्या शाळेत भिंतीवर स्मार्ट टीव्हीही आहे. त्यावर सूर्यमाला फिरते, हृदय धडधडतं, मुलं तोंड उघडं ठेवून बघतात. नंतर विचारलं तर सांगता येत नाही. टीव्हीला मी वाईट म्हणत नाही, पेशी कशी दिसते ते मी फळ्यावर काढलेल्या बटाट्यापेक्षा तो चांगलं दाखवतो. पण तिथे मूल ऐकणारं, इथे बोलणारं. मला दुसरं जास्त लागतं.

वाचनावरही परिणाम दिसला, थोडा वेगळा. 2021 मध्ये निपुण भारत हे लहान वर्गांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान आल्यापासून मिनिटाला किती शब्द वाचले हे आम्ही मोजतो. तिसरीला साठ शब्दांची अपेक्षा आहे. मोजायला हरकत नाही, पण घड्याळ दिसलं की मुलं श्वास न घेता पळतात. रेकॉर्डिंगमध्ये तेच मूल स्वतःच ऐकतं आणि म्हणतं, "काहीच समजून नाई राह्यलं, पुन्हा घेऊ." पूर्णविरामाला थांबायला माझ्या ओरडण्याने कोणी शिकलं नव्हतं.

भाषेचं मी सुरुवातीलाच ठरवलं : मुलाखत घरच्या बोलीत, निवेदन पुस्तकी मराठीत. एक कोलाम आदिवासी मुलगी वर्गात जेमतेम हूं-हां करायची. तिने आजीशी कोलामीत बोलून रेकॉर्डिंग आणलं आणि प्रत्येक उत्तरानंतर मराठीत अर्थ सांगितला. वर्गात तिच्याइतकं लांब कोणी बोललेलं नव्हतं. एका सहकाऱ्यांना वऱ्हाडी ऐकून "अशानं परीक्षेत काय लिहिणार?" अशी काळजी वाटली. उत्तरपत्रिकेत अजून कोणी 'मले-तुले' लिहिलेलं नाही.

सार्वजनिक अ‍ॅपवर टाका, जगभर ऐकतील, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी टाकत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. कायदा नसता तरी मुलांचे आवाज नावागावासह कुठेही फिरावेत असं मला वाटलं नसतं. ग्रुपवर जातं, परिपाठाला स्पीकरवर वाजतं, पुरे.

तक्रारी आहेतच. मुलाखतीत एकाच माईकवर दोघं बोलतात, त्यामुळे विचारणाऱ्याचा आवाज खणखणीत आणि उत्तर देणारा विहिरीच्या पलीकडे. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो, तेव्हा कार्यक्रम बंदच पडतो. फोन बहुतेक बापाच्या खिशात, म्हणजे आईने ऐकलं तर रात्री, रिचार्ज असेल तर. आणि जुळवाजुळव अजून मीच करते. मुलं कापतात छान, पण फाईल सेव्ह करायला विसरतात आणि तेवढ्यात लाईन जाते.

जूनअखेर शाळा उघडली की दुसरा माईक घेणार आहे. बिनवायरचा घ्या, असं जो तो सांगतो. पण त्याला रोज चार्जिंग लागेल, आणि मटराएवढा तो तुकडा सातवीतून संध्याकाळी परत मिळेल याची हमी कोण देणार? वायरवालाच घेईन, सोबत दोन माईक एका फोनला जोडणारी पिन, रेघा मोजून.