सोलापुरात चेनसॉ घ्यायचा तर: 14 इंची, मागच्या दांड्याचा घ्या आणि एका हाताचा नाद सोडा

बांधावरची बाभूळ, विहिरीकाठचा कडुनिंब, पडीक रानातली वेडी बाभूळ, एवढंच काम असेल तर 30 ते 38 सीसीचा, मागं दांडा असलेला, 14 इंची बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी) चेनसॉ पुरतो. स्टिलचा एमएस 170 (30 सीसी) आणि हस्कवर्नाचा 120 मार्क टू (38 सीसी) ही या गटातली ओळखीची मॉडेलं. बार-चेन सोडून पहिला चार किलोच्या आसपास भरतो, दुसरा पाचच्या जवळ.

दुकानात मात्र आधी पुढं सरकवलं जातं ते 58 सीसी, 22 इंची बारचं चायना मशीन. किंमत ब्रँडेडच्या निम्म्याहून कमी, त्यामुळं मोह होतोच. स्टिकरवर 58 असलं तरी माहितीपत्रकात पुष्कळदा 54.5 सीसी छापलेलं सापडतं, पण ते सोडून द्या. ताकदीला हे मशीन कमी पडत नाही. घोळ आहे तो लांब बारचा, कारण त्याचं टोक कुठं पोचलंय ते दिसत नाही. वेडी बाभूळ जमिनीतूनच पाच-सात फाट्यांनी फुटते. समोरचा फाटा कापताना टोक मागच्या फाट्यावर टेकतं आणि मशीन उसळतं. 14 इंची बारनं दोन्ही बाजूंनी कापलं तर 20 इंचांचं खोडही पडतं, मग 22 इंची कशाला?

ही उसळी, म्हणजे किकबॅक, होते बारच्या टोकाच्या वरच्या चतकोरात. तिथं चेन लाकडात शिरण्याऐवजी अडते आणि तिचा सगळा जोर बारला मिळून बार वर आणि मागं, चालवणाऱ्याच्या माने-चेहऱ्याकडं फिरतो. पेट्रोल मशीनची चेन पूर्ण वेगात सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळत असते. हात मागं घ्यायला सवडच मिळत नाही.

आता टॉप हँडल, म्हणजे मागं दांडा नसून वरच मूठ असलेल्या मशीनकडं येऊ, कारण ‘हे एका हातानं चालतं, फांद्यांना बरं पडतं’ असं सांगून तीच विकली जातात. स्टिलचा एमएस 194 टी किंवा हस्कवर्नाचा टी435 हातात घेतला की ते खरंही वाटतं: वजन साडेतीन किलोच्या आसपास, मूठ बरोबर मध्यावर. पण कंपन्यांची माहितीपुस्तकं हे मशीनसुद्धा दोन्ही हातांनीच धरायला सांगतात, आणि ते दोर-पट्टा बांधून झाडावर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी आहे हेही तिथंच लिहिलेलं असतं. आयएसओ 11681 या मानकाचे त्यासाठीच दोन भाग आहेत, पहिला जंगलकामाच्या सॉसाठी आणि दुसरा झाडावर वापरायच्या सॉसाठी. जमिनीवर उभं राहून कापणाऱ्यानं दुसऱ्या भागातलं मशीन घेण्यात काही मिळवलेलं नसतं. उलट दोन मुठी जवळजवळ असल्यानं उसळी आवरायला तरफ कमी मिळते.

एका हातानं नेमकं काय बिघडतं? पुढच्या दांड्यासमोर जो आडवा प्लास्टिकचा हँडगार्ड असतो, तोच चेन ब्रेकचा, म्हणजे चेन थांबवणाऱ्या ब्रेकचा, खटका आहे. मशीन उसळलं की डाव्या हाताचं मनगट त्यावर आपटतं आणि ब्रेक लागतो. डावा हात दांड्यावर नसेल तर हा मार्गच बंद. उरतो जडत्वानं लागणारा ब्रेक, आणि त्यालाही मशीन झटक्यानं फिरावं लागतं. संथ उसळीत तो लागेलच असं नाही. दुसरं, एकट्या उजव्या मनगटाभोवती मशीन बिजागरीवरच्या दारासारखं फिरतं, अडवायला समोर काही नसतं. तिसरं फार कुणी बोलत नाही: काप पूर्ण होऊन फांदी सुटली की मशीनचं वजन अचानक खाली येतं, आणि खाली डावी मांडी किंवा गुडघा असतो. आणि मोकळा डावा हात रिकामा राहतच नाही, तो फांदी धरायला जातो. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळसा घालून घट्ट बसलेला पाहिजे. बोटांच्या बाजूनं वर ठेवलेला अंगठा झटक्याला सुटतो.

शिडीवर तर एक हात शिडी धरायलाच जातो, म्हणजे चेनसॉ आपोआप एकहाती होतो. उंच फांदीला खालून पोल सॉ, म्हणजे लांब दांड्याच्या टोकावरचा सॉ, वापरा. तारेजवळची फांदी असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय तोही नको.

एका हातासाठी म्हणून बनवलेलं मशीन हवंच असेल तर बॅटरीचे 4 आणि 6 इंची मिनी सॉ आहेत. डाळिंबाच्या बागांमुळं आपल्याकडं ते झपाट्यानं खपतायत. घेताना व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. बॅटरीत पाच सेल ओळीनं जोडलेले असतील तर पूर्ण चार्जला 4.2 गुणिले 5, म्हणजे 21 व्होल्टच मिळतात, वर 48 लिहिलेलं असो की 88. अंगठ्यानं दाबायचं लॉक बटण आणि चेनवरची झडप या दोन गोष्टी नसतील तर खाली ठेवा. बहुतेकांत चेन ब्रेक नसतो आणि तेलही हातानंच सोडावं लागतं. 4 इंची बारला दोन-अडीच इंचांपर्यंतची फांदी ठीक. त्याहून जाड फांदीला टोकानं कापायचा मोह होतो आणि लहान मशीनही उसळतंच. डाळिंबाच्या काट्यांत डावा हात आपसूक फांदीकडं जातो. तो चेनपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर सरळ कमरेमागं घ्या. आणि तेल्या (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) असलेल्या बागेत मिनी सॉ चालवूच नये. कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवता येते, भुसा आणि तेलानं माखलेली चेन तशी निर्जंतुक होत नाही.

दुकानात दोन चाचण्या आग्रहानं करून घ्या. पहिली मशीन चालू असताना: दोन्ही हातांनी धरून, थोडा रेस देऊन, दांडा न सोडता मनगटानं हँडगार्ड पुढं ढकलायचा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. दुसरी इंजिन बंद करून: ब्रेक मोकळा ठेवून बारचं टोक एखाद्या ओंडक्यावर फूट-सव्वा फूट उंच धरा, पुढचा हात सोडा, मागची मूठ धरूनच टोक ओंडक्यावर पडू द्या. आदळताच ब्रेक लागला पाहिजे. (चेनसॉ हातात असताना डावा हात सोडायची परवानगी आहे ती एवढीच.) खोक्यातलं मशीन खोक्यातच देणाऱ्या दुकानदाराला राम राम करा. होम मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात भाव चांगला पडतो, पण चेन, स्प्रॉकेट आणि स्टार्टरची दोरी वर्षभर शहरात कुठं मिळेल ते तिथंच विचारा.

सुरू करताना ब्रेक लावून मशीन जमिनीवर, उजवा पाय मागच्या दांड्यात, डावा हात पुढच्या दांड्यावर, मग दोरी. हवेत धरून झटका मारणारे बरेच दिसतात. त्यांचाही एकच हात मशीनवर असतो.

बाभळीचं लाकूड चेनची धार लवकर खातं. काप करताना ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली समजा. खोडात जुनी काटेरी तार गिळलेली असेल तर एका सेकंदात जाते, म्हणून बांधावरचं झाड आधी तपासून घ्या. बोथट चेनला जोर द्यावा लागतो आणि हात घसरतो तो तिथंच. टाकी भरताना दर वेळी दोन-तीन हात कानस मारा: थ्री-एट (3/8 इंच पिचच्या) लो प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस, कोन 30 अंश, सगळ्या दातांना सारखेच हात. दातापुढचा खुंट दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिलिमीटरच खाली हवा. ‘जास्त कापतं’ म्हणून तो आणखी घासला की चेन लाकडाला हिसके देते आणि उसळी वाढते. नवी चेन घेताना पिच (कड्यांमधलं अंतर), ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांची) संख्या आणि त्यांची जाडी म्हणजे गेज, तिन्ही बारच्या मुळाशी कोरलेल्या आकड्यांशी जुळवा.

चेन ऑइलच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतू नका, त्यातला धातूचा कीस पंप आणि बार दोन्ही खातो. पेट्रोलच्या एका टाकीला चेन ऑइलची टाकी जवळजवळ संपली पाहिजे. ती भरलेलीच राहिली तर तेल चेनपर्यंत पोचत नाही. पेट्रोलमध्ये ब्रँडेड मशीनला चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मिली, चायना मशीनला पुस्तकात 25:1 लिहिलं असेल तर 40 मिली. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक करतं, म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

चेन अडवणारी धाग्यांची पँट सोलापूरच्या मे महिन्यात नकोशी होते हे खरं. त्यावर उपाय सकाळी सहा ते दहा कापणं, पँट काढून ठेवणं नव्हे. गॉगल आणि कानावर मफ हवेतच, आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि शहरातलं झाड असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी.